सकाळी नऊचा नमुना

४ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळेत एक मुलगी आली. पाठीवर केवढी तरी पिशवी आणि पिशवीत नुसत्या बरण्या. विद्यापीठात संशोधन करते म्हणे. "मॅडम, तुमचा नाला नदीला मिळतो तिथले मासे तपासायचेत. परवानगी हवी."

नाला म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई गं, नाला आत येतो. बाहेर जातं ते पाणी. सव्वीस वर्षं मी या सांडपाणी केंद्रात आहे. अख्ख्या शहराच्या मोऱ्या-संडासांतलं आमच्या टाक्यांत येतं. तिथे त्यात हवा सोडतात, हवेवर जिवाणू पोसतात, ते घाण खातात, गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळ पाणी नदीत जातं. रोज सकाळी नऊला मी त्याचा नमुना घेते, तपासते, वहीत आकडे लिहिते, सही करते. एकदाही आकडा मर्यादेबाहेर गेलेला नाही. पाहुणे आले होते तेव्हा मी त्या पाण्याचा ग्लास सगळ्यांसमोर पिऊन दाखवला होता. (पुढे दोन दिवस पोट बिघडलं, पण ते फक्त इथे लिहितेय.)

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही जे तपासता त्यात हार्मोन असतात का?"

"हार्मोन माणसात असतात."

"आणि माणसातून कुठे जातात, मॅडम?"

आगाऊ वाटली. साहेबांकडे अर्ज कर म्हणून वाटेला लावली.

७ फेब्रुवारी

ती मुलगी आपोआप आलेली नव्हती. दादानेच पाठवली होती!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं नदीत जाळं टाकतो आणि पुलाच्या तोंडाशी टोपली घेऊन बसतो. आमचं पाणी नदीत पडतं तिथे मासे झुंडीने जमतात, कारण पाणी जरा कोमट असतं आणि खायला मिळतं. तिथे जाळं टाकायची परवानगी मीच त्याला मिळवून दिली होती.

आज त्याच्याकडे गेले तर मागच्या दारी फळीवर एक मासा चिरून ठेवलेला.

"चिमणे, हा नर की मादी?" चोपन्न वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात आता हा एकच.

"मला काय कळतंय."

"पुढचे पंख चाचपून बघ. खरखरीत लागतात ना? म्हणजे नर. मी डोळे मिटून सांगेन. आता पोटात बघ."

नराच्या पोटात पांढरा गोळा असतो तो होता. त्या पांढऱ्यात पिवळे दाणे होते, राईएवढेही नाहीत. अंडी.

"दोन वर्षं असे सापडतायत. आधी वाटलं माझे डोळे गेले. चष्मा बदलला. तरी अंडीच."

"निसर्गात असतंच अधूनमधून काहीतरी," मी म्हटलं.

"दहातले चार म्हणजे अधूनमधून का?"

ती मुलगी पुलावर मासे घ्यायला आली होती आणि फक्त नर मागत होती. दादा म्हणाला, "असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नव्हतं. म्हटलं, ही एकतर वेडी आहे, नाहीतर हिला काहीतरी माहीत आहे." त्याने तिचं नाव बरणीवाली ठेवलंय. ती त्याला मामा म्हणते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "माशांच्या घरातली भानगड. आपण कशाला पडायचं मध्ये?"

१२ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वीज वाचवण्यात आमचं केंद्र पहिलं आलंय. दोन वर्षांपूर्वी हे साहेब आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर टाकीत हवा सोडणारे ब्लोअर अकरा ते चार बंद ठेवायला सांगितले. आधी मला धाकधूक होती. पण नऊचा नमुना पूर्वीसारखाच उत्तम येतो, मग तक्रार कसली? उलट दुपारी इतकं शांत असतं की खुर्चीतच डुलकी लागते.

बरणीवालीचा अर्ज साहेबांनी फेटाळला. मला जरा बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

अर्ज फेटाळला तरी पोरगी दादाच्या होडीतून मासे धरतेच आहे. नदी काही साहेबांची नाही. आज ती प्रयोगशाळेत आली, या वेळी न विचारता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, दहा मिनिटं द्या. तुम्हाला पटलं नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

दहाचा दीड तास झाला.

तिचं म्हणणं असं. बायकांच्या शरीरात बनणारं हार्मोन लघवीतून मोरीत जातं. गर्भ राहू नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांचंही तेच होतं. शिवाय कपडे धुवायच्या पावडरीतली, प्लास्टिकमधून सुटणारी अशी काही रसायनं असतात. ती हार्मोन नसतात, पण माशाच्या शरीराला ती हार्मोनच वाटतात. सगळं मिळून आमच्याकडे येतं आणि थोडंसं आमच्याकडून सुटून नदीत जातं.

"थोडंसं म्हणजे किती?"

"एका लिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग. कधी दोन, कधी चार."

मला हसू आलं. एवढ्याने काय होतंय!

"मासा जन्मभर त्यातच असतो, मॅडम. त्याला बाहेर येऊन बसता येत नाही."

"आणि माणसाला?"

"एवढ्या कमी प्रमाणात माणसाचं काय होतं ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही सांगणार नाही."

हे मला आवडलं. फेकत नव्हती. पण पुढचं बोलली ते मात्र लागलं. शरीर हार्मोन बाहेर टाकताना त्याला बांधून टाकतं, म्हणजे ते निपचित असतं. आमच्या टाकीतले जिवाणू ती गाठ सोडतात आणि ते पुन्हा जागं होतं. माझे जिवाणू! सव्वीस वर्षं मी त्यांना जपलं, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तब्येत बघितली, थंडीत त्यांची काळजी केली. माझं तोंड बघून ती घाईने म्हणाली, "पण तेच जिवाणू पुढे ते खाऊनही टाकतात. अगदी सगळं नाही, पण बरंचसं. फक्त त्यांना वेळ हवा आणि भरपूर हवा हवी. तुमच्याकडे चोवीस तास हवा असते ना?"

"असते," मी म्हटलं.

जवळजवळ असते, असं म्हणायला हवं होतं. पण बाहेरच्या माणसाला सगळ्याच गोष्टी सांगायच्या नसतात.

२ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला. भाची आणि जावईही आले होते. भाचीला सातवा महिना आहे. पोट छान दिसतंय. मासा म्हणजे तिचा जीव की प्राण. दर रविवारी येते ती आईबापासाठी नाही, माशासाठी, असं आम्ही तिला चिडवतो. पण आज दादा म्हणाला, "मासा संपला गं. आज भाजीवर भागव." मी हात धुवायला मागे गेले तेव्हा टोपलीत चांगले चार मोठे मासे होते. विसरला बिचारा. वय झालं. मी आत येऊन सांगणार तेवढ्यात वहिनीने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि ते राहूनच गेलं.

दादा जेवताना फारसं बोलला नाही. तब्येत दाखवायला हवी त्याची.

१२ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा सांगितला. नदीच्या खालच्या अंगाला, आमच्यापासून दोन किलोमीटरवर, नव्या वसाहतींसाठी जॅकवेल बांधायची आहे, म्हणजे नदीतून पिण्याचं पाणी उचलायची विहीर. तिच्यासाठी आमचं प्रमाणपत्र हवंय.

"कागदावर तशी कुणीही सही करू शकेल, मॅडम. पण तुमच्या सहीला वजन आहे."

मजकूर तयार होता. 'केंद्रातून बाहेर पडणारे पाणी सर्व वेळ निकषांत असते. खालच्या बाजूस पिण्यासाठी पाणी उचलण्यास प्रयोगशाळेची हरकत नाही.' 'सर्व वेळ' या शब्दांवर माझं बोट थांबलं. साहेबांनी ते बघितलं असावं. म्हणाले, "तुमच्या वहीत एक तरी आकडा वेगळा आहे का?"

नाही.

"मग?"

निवृत्तीनंतर मला सल्लागार म्हणून ठेवायचं त्यांच्या मनात आहे. ते ओघात बोलले, या कागदाशी त्याचा काही संबंध नाही.

सही केली. मी हे शांत डोक्याने लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको. मी सही का केली? दादासाठी. उद्या माशांचा बोभाटा झाला तर त्याच्या टोपलीकडे कोण फिरकेल? एकसष्टाव्या वर्षी तो दुसरं काय करणार? बरणीवाली निबंध लिहून निघून जाईल. मरण दादाचं होईल.

१४ मार्च

कामावरून येताना मुद्दाम पुलावरून आले. दादाची जागा रिकामी. शेजारची फुलवाली म्हणाली, "ते बसतात कुठे आता? पंधरवडा होत आला."

तशीच त्याच्या घरी गेले. दादा नव्हता. वहिनी धान्य निवडत होती.

"सायकल स्टँडवर पावत्या फाडायला जातात," ती म्हणाली. "सकाळी जाळं टाकतात. मासे धरून बरणीवालीला देतात. उरतात ते मागे खड्ड्यात पुरतात."

"पुरतो? विकत नाही?"

"एकही नाही. गिऱ्हाइकं घरी येतात तर सांगतात, मासा लागत नाही."

"अगं, पण मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का, ताई?"

मी तिला सगळं सांगितलं. जॅकवेल, कागद, सही. त्याच्यासाठीच केलं म्हटलं. वहिनीने सूप खाली ठेवलं. "त्यांनी मागितली होती का तुमच्याकडे सही?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"टोपली त्यांची. त्यांनी ती उचलली आणि एका अक्षराने कुणाला बोलले नाहीत. तुमचं काय जात होतं?"

वहिनीचं डोकं तापलेलं होतं. घरात ओढाताण असली की माणूस बोलतं. मी मनावर घेतलं नाही. चहा न घेताच निघाले.

१५ मार्च

मनावर घेतलंय.

१८ मार्च

आज दुपारी तीनला मी नमुना घेतला.

एवढंच लिहून थांबणार होते, पण पूर्ण लिहिते. ब्लोअर बंद होते. टाकीवर एरवी बुडबुडे उसळत असतात, तिथे पाणी मेल्यासारखं पडलं होतं. वर करड्या रंगाची साय. मी या टाकीवर हजारो वेळा आले असेन, पण दुपारी तीनला गेल्या दोन वर्षांत एकदाही आले नव्हते. डुलकी लागते असं मी इथेच कुठेतरी लिहिलंय.

बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बाटली धरली. जिवाणूंना हवा कमी पडली की पाण्यात अमोनिया उरतो. त्याची तपासणी पाच मिनिटांची असते. थेंब टाकले की पाणी जेवढं पिवळं होईल तेवढा अमोनिया जास्त. पिवळं नाही, नारिंगी झालं. पुन्हा केली. पुन्हा नारिंगी. पंपवाले काका दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, आज दुपारचं कसं काय?"

"रोजच असं असतं का हो?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

दुसरी बाटली भरून मी बरणीवालीला दिली, सकाळी नऊच्या बाटलीबरोबर. तिने लेबलवरची वेळ वाचली. माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही बाटल्या पिशवीत ठेवल्या.

२७ मार्च

निकाल आला. तीनच्या बाटलीत हार्मोन नऊच्या सहापट. नऊच्या बाटलीतही शून्य नाहीच, पण सहापट.

दोन वर्षं. दादाही दोन वर्षंच म्हणाला होता.

२८ मार्च

सही मागे घेत असल्याचं पत्र साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, ब्लोअर बंद ठेवायचा माझा लेखी आदेश आहे तुमच्याकडे?"

नाही. तोंडी होता.

"आणि वहीत सही कुणाची आहे?"

माझी. रोजची. दोन वर्षांची.

"म्हणजे हे पत्र पुढे गेलं तर कोणाच्या अंगाशी येईल, विचार करा." पत्र घडी घालून त्यांनी माझ्याकडेच सरकवलं. आवक-जावक विभागात दिलं असतं तर शिक्का बसला असता. तेही मला सुचलं नाही.

ह्यांना सांगितलं. आज शब्दकोडं बाजूला ठेवलं त्यांनी. म्हणाले, "भीती वाटते का?" हो म्हटलं. "मलाही," म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस असं कधी बोलला नव्हता.

९ एप्रिल

जॅकवेलची जनसुनावणी झाली. सभागृह भरलं होतं. मी मागून तिसऱ्या रांगेत, हे शेजारी. साहेबांनी माझं प्रमाणपत्र वाचून दाखवलं, माझं पद मोठ्याने सांगून. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या वसाहतीतले लोक होते. त्यांना चार वर्षं टँकरचं पाणी आहे, त्यांनी टाळ्या का वाजवू नयेत?

मग बरणीवाली बोलली. नर मासे, अंडी, आकडे. माणसाबद्दल अजून पक्कं माहीत नाही, हेही तिने सांगितलं. सांगायला नको होतं, असं मला वाटलं, कारण मागून लगेच कुणीतरी ओरडलं, "माहीत नाही तर बोलता कशाला!" दुसरा म्हणाला, "आणि हा मासेवाला बघा, पुढे येऊन बसलाय! दोन वर्षं आम्हाला हेच खाऊ घातलं याने!"

दादा उठला. त्याला माणसांसमोर बोलायची सवय नाही. तो पुलावर बोलतो तसंच बोलला.

"घातलं. खोटं नाही. माझ्या घरीही तेच शिजलं, माझ्या लेकीच्या ताटात तेच गेलं. मला वाटायचं माझे डोळे गेले. पोरीने समजावून सांगितलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून एक मासा विकलेला नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

"तुला अडाण्याला कळलं, मग त्या केंद्रात एवढी शिकलेली माणसं बसतात, त्यांना कळलं नाही?"

दादा खाली फरशीकडे बघत राहिला. सभागृहात अर्ध्या लोकांना माहीत आहे की मी त्याची बहीण. त्याने मान जरा वळवली असती तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. त्याने वळवली नाही. लोक ओरडत होते आणि तो माझ्या वाटचं ऐकून घेत उभा होता.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. ह्यांनी माझी पर्स धरली, एवढं आठवतं.

म्हटलं, "मला विचारा. ती सही माझी आहे." मग सांगितलं. नमुना नऊला घेते. हवा अकराला बंद होते. तीनचं पाणी दोन वर्षं मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं. साहेबांनी सांगितलं होतं हे खरं, पण मला कुणी आंधळं व्हायला सांगितलं नव्हतं. ते माझं मी झाले. दादासाठी झाले असं मी स्वतःला सांगत होते. त्याला काडीची गरज नव्हती. मला माझी वही स्वच्छ हवी होती.

टाळ्या नाही, काही नाही. नव्या वसाहतीतली एक बाई, कडेवर मूल, उठून म्हणाली, "मग आम्ही काय प्यायचं, ते तरी सांगा."

मी खाली बसले.

बाहेर दादा भेटला. "चप्पल कुठाय तुझी?" म्हणाला. एक आतच राहिली होती. तो जाऊन घेऊन आला.

१७ एप्रिल

बदलीचा कागद. पाणीमीटर दुरुस्तीचं कोठार. चौकशी चालू राहील ती वेगळीच. निवृत्तीवेतनाचं काय होईल, कुणी सांगत नाही. साहेबांचीही बदली झाली, पण वरच्या जागेवर.

किल्ल्या सोपवताना पंपवाले काका फाटकापर्यंत आले. "ब्लोअर परवापासून दिवसभर चालू आहेत," म्हणाले. "दुपारी कान किटतात." तक्रार करत होते की खूश होते, समजलं नाही.

३ मे

भाचीला मुलगी झाली. दवाखान्यात वहिनी माझ्याशी बोलली नाही. पण बाळ माझ्या हातात दिलं ते तिनेच. मी बाळाची बोटं मोजली, पायाची, हाताची, मग पुन्हा. बरणीवाली म्हणाली होती, पक्कं माहीत नाही. पक्कं माहीत नसणं किती जड असतं, हे तिला तिच्या वयात कसं पेलतं कोण जाणे.

११ जुलै

जॅकवेल आता आमच्या केंद्राच्या वरच्या अंगाला होणार असा ठराव झाला. म्हणजे नवा पाइप, नवा खर्च, आणि वसाहतीला आणखी दीड वर्ष टँकर. ती कडेवर मूल असलेली बाई मला बाजारात दिसली. तिने तोंड फिरवलं. मी तिला दोष देत नाही.

बरणीवालीने नवे नमुने तपासले. दादाच्या घरी येऊन सांगितलं. आता ती मला मॅडम म्हणत नाही. "कमी झालंय, मावशी. बरंच. शून्य नाही." नर माशांमध्ये फरक पडायला वर्षं लागतील, पडेलच असंही नाही. हार्मोनची तपासणी वर्षातून दोनदा करायचं नव्या साहेबांनी कबूल केलंय. लेखी घ्या, मी म्हटलं. तिने घेतलंय.

संध्याकाळी दादाबरोबर पुलापर्यंत चालत गेले. त्याची सायकल स्टँडची पाळी संपली होती. टोपली नसली तरी तो जुन्या जागीच जाऊन टेकतो. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक म्हातारी थांबली. त्याचं जुनं गिऱ्हाईक असावं.

"काय रे, मासा कधी आणणार? नातवंडं विचारतात."

दादाने माझ्याकडे बघितलं. "हिला विचारा. हिला पाण्यातलं कळतं."

म्हातारी माझ्याकडे वळली. सव्वीस वर्षं पाण्याबद्दल कुणी काही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. मर्यादेत आहे. निकषांत आहे. काळजी नको.

"आजी, मला माहीत नाही," मी म्हटलं. "कळलं की हा स्वतः येऊन सांगेल तुम्हाला."

म्हातारीने थोडा वेळ माझं तोंड निरखलं. मग हातातली पिशवी आमच्या शेजारी ठेवली, "सरक गं जरा," म्हणाली, आणि दम खायला आमच्यातच बसली.